नांदेडहून आणलेला शेल

लातूर जिल्हा झाला त्या सुमाराला आम्ही मायलेकी गाव सोडून लातुरात आलो. उदगीरकडच्या आमच्या गावात दोन वर्षं पेरलेलं उगवलं नव्हतं, आणि इकडे नव्या जिल्ह्यासाठी नव्या कचेऱ्या बांधणं चाललं होतं. आई त्या बांधकामावर गिलाव्याचा माल वाहायची. मी त्याच आवारातल्या जुन्या बराकीत पाणी भरायला लागले. साहेब आले होते, पाट्या लागल्या होत्या, पण टेबलं मात्र अजून व्हरांड्यातच होती. वारं सुटलं की कागद आवारभर पळायचे आणि बाबू लोक त्यांच्या मागे. आमची राहायची खोली पत्र्याची होती. दुपारी तिच्यात पाय ठेववत नसे, म्हणून आई पहाटेच सगळा स्वयंपाक उरकायची. भाकरी, भाजलेल्या मसाल्याच्या पिठाची म्हणजे येसरची आमटी आणि तेलात कालवलेला तिखट भुरका. आमटी सकाळी दाट असायची आणि संध्याकाळी तिच्यात पाणी घालावं की तसंच ठेवावं यावर आमची रोज चर्चा व्हायची, कारण पाणी आमटीपेक्षा महाग वाटायचं.

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. नातीच्या जुन्या वह्यांमध्ये मागची पानं कोरी राहतात, ती टाकवत नाहीत. मला चार माणसांत बोलायला अजूनही जमत नाही. लिहिताना समोर कोणी नसतं, एवढंच.

बराकीच्या टोकाला एक खोली होती, तिला चुना नवा होता आणि दाराला पडदा. आत मशीन होतं. तेव्हा सगळे त्याला मशीनच म्हणायचे. कपाटाएवढं एक खोकं, त्याला जोडलेले टीव्हीसारखे दोन पडदे आणि खडखडत कागद ओकणारा प्रिंटर. मशीनला गारवा लागायचा. म्हणून खिडकीत वाळ्याचा मोठा कूलर बसवला होता आणि त्यात दिवसातून चार वेळा पाणी घालणं हे माझं काम होतं. आवाराबाहेर बायका रिकाम्या घागरी ओळीनं मांडून टँकरची वाट बघत बसायच्या आणि मी भरलेली घागर घेऊन त्यांच्यासमोरून मशीनला पाजायला जायची. मी मान खाली घालून चालायची. एकदा एक म्हातारी म्हणाली, "तुझ्या त्या मिशनीला म्हनावं, आमच्या लायनीत हुबी राहा." सगळ्या हसल्या, मीही हसले, पण नंतर दोन दिवस मी मागच्या दारानं पाणी नेलं.

पण ते मशीन टँकरचंच काम करायचं. तालुक्यातालुक्यांतून कोणत्या गावाला पाणी पाहिजे त्याच्या चिठ्ठ्या यायच्या, त्या आत टाइप व्हायच्या आणि संध्याकाळी मशीन यादी छापायचं. त्या यादीबरहुकूम सकाळी टँकर सुटायचे. हे सगळं चालवायच्या त्या नसीम आपा. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनीच मोठ्या असतील. नांदेडच्या. लातुरात खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहायच्या, डब्यात खिचडी आणि चिंचेचा खट्टा आणायच्या आणि एकटीला जेवण जात नाही म्हणून मला समोर बसवायच्या. कूलरमध्ये पाणी ओतून झालं की मी दारापाशी थांबायची, त्यांची बोटं बघत. एक दिवस त्या म्हणाल्या, "अगं, उभी काय राहतेस? ये, दाबून बघ. चावत नाही."

चौथीनंतर माझी शाळा सुटली होती, पाचवीचा वर्ग तीन कोसांवर होता म्हणून. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. नसीम आपांनी मला अक्षरं त्या बटणांवरच शिकवली, म्हणून माझी एबीसीडी क्यूपासून सुरू होते. क्यू, डब्ल्यू, ई, आर. आजही नात मला ए नंतर काय म्हणून विचारते आणि मी "एस" म्हणाले की पोट धरून हसते.

आपांना दोघींचं काम एकटीनं ओढायला लागायचं, कारण दुसरं पद भरलंच नव्हतं. हळूहळू छोटी कामं त्यांनी माझ्याकडे दिली. साहेबांना हे माहीत नव्हतं. पाणी भरणाऱ्या बाईनं मशीनला हात लावायचा नाही, हे लिहिलेलं नव्हतं, पण लिहायची गरजही नव्हती. आपांनी मला सगळं कचेरीच्या भाषेत समजावलं होतं. म्हणाल्या, "तू चिठ्ठी घेऊन आलीस तर दारात शिपाई घेतो ना? तो आत जाऊन ज्या बाबूचं काम त्याच्या हातात देतो. या मशीनमध्ये पण लई बाबू आहेत. एक छापणारा, एक मोजणारा, एक पुसणारा. आणि दारात एक शिपाई आहे, त्याचं नाव शेल. आपण बोलतो ते त्याच्याशीच." मशीनच्या आत खोल्याही होत्या. एकीचं नाव त्यांनी 'आज' ठेवलं होतं, एकीचं 'काल'. रोज चार वाजता 'काल'च्या खोलीत जायचं आणि जुन्या याद्या पुसायच्या, म्हणजे जागा होते. पुसायचं म्हटलं की एकेकाचं नाव घ्यायला नको. पुसणाऱ्याचं नाव टाइप करायचं आणि पुढे एक चांदणी काढायची. चांदणी म्हणजे या खोलीत आहे ते सगळं. हे काम माझं झालं होतं, आणि मला ते फार आवडायचं.

त्या शुक्रवारी मी नेहमीसारखी बसले, 'काल'च्या खोलीत गेले, आणि तेवढ्यात कूलरची फडफड ऐकू आली. पाणी संपलं की वाळा कोरडा होऊन असा वाजायचा. मी उठून घागर घेऊन गेले. हौदावर ओळ होती, वेळ लागला. परत आले, पाणी ओतलं, हात पदराला पुसले आणि पडद्यासमोर बसले. पडद्यावर शेल तयार असला की दिसायचं ते एकच डॉलरचं चिन्ह होतं, मी सोडून गेले तेव्हा होतं तसंच. मी चांदणी काढली आणि बटण दाबलं. मशीन काही बोललं नाही. सगळं नीट झालं तरी ते गप्पच राहायचं आणि सगळं गेलं तरी गप्पच.

मधल्या वेळात बिरादार बाबू येऊन बसले होते, हे मला नंतर कळलं. हे आमचे मोठे बाबू, उदगीर भागातले, रोज आपल्या तालुक्याची यादी बघायचे. ते 'आज'च्या खोलीत गेले, यादी बघितली आणि तसेच उठून चहाला गेले. शेल त्यांनी नेला त्या 'आज'च्या खोलीतच उभा होता, आणि मला वाटलं मी सोडला तिथे आहे.

आठवड्याभराच्या सगळ्या तालुक्यांच्या मागण्या गेल्या. टेपवर नक्कल शनिवारी काढायची असायची. चिठ्ठ्या टाइप झाल्या की आलेल्या जीपनेच तहसिलीत परत जायच्या. पाऊण तासानं यादी छापायला घेतली तेव्हा प्रिंटरनं नुसता कोरा कागद बाहेर काढला. आपांनी पडदा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत साहेब दारात होते.

"कुणी केलं?"

"हात माझाच होता सर," आपा म्हणाल्या.

मी घागर घेऊन दाराशी उभी होते. मी बोलले नाही.

साहेब आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते, त्याचीच जास्त भीती वाटायची. ते म्हणाले, "पंधरा दिवसांनी वरून तपासणीला साहेब येतायत. हे परत होणार नाही हे त्यांना दाखवता आलं तर ठीक. नाही तर मशीनला कुलूप, याद्या पहिल्यासारख्या हातानं. आणि तुमची नेमणूक अजून कच्ची आहे, हे लक्षात आहे ना? तोवर तुमच्याशिवाय कुणाचाही हात या मशीनला लागता कामा नये." आपांनी मान हलवली. मी पाणी ओतायला आत गेले, पाणी कूलरमध्ये पडलं का बाहेर ते मला कळलं नाही.

दोन दिवस टँकर जुन्याच यादीवर फिरले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई पाण्याच्या ओळीतून आली आणि घागर टेकवत म्हणाली, "लायनीतल्या त्या शेवंताच्या मायेरच्या तांड्यावर टँकर गेलाच न्हाई म्हनं. दोन दिस झाले. ल्हान लेकरं हायेत. मिशनीतनं नाव गेलं म्हनून ड्रायवर सांगून राहिलाय." मी चुलीपुढे बसले होते. मी तिला सांगून टाकलं. आईनं तोंडावरचा चुना पदरानं पुसला, बराच वेळ लावून पुसला.

"तुझ्या हातानं गेलं?"

"हाव."

"आन त्या बाईनं आपल्या अंगावर घेतलं?"

"हाव."

"मग हितं बसून कामून रडून राहिलीस? उद्या तिला जाऊन इचार, काय करावं लागतंय म्हनून. तुझ्या रडन्यानं काय तांड्यावर पानी जात न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. माफी मागायची तर ती मला मागता आली नाही. मी एवढंच म्हणाले, "आपा, पुसणाऱ्यानं विचारायला पाहिजे होतं. सगळं पुसायच्या आधी."

आपा नव्यानं आलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग टाइप करत होत्या. त्या थांबल्या. "पुसणाऱ्याला कळतच नाही गं. चांदणी त्याच्यापर्यंत जातच नाही. शेल दारातच चांदणी घेतो, खोलीतली सगळी नावं गोळा करतो आणि पुसणाऱ्याच्या हातात देतो. त्याला वाटतं, एकेक नाव सांगून दिलंय, पुसा. विचारायचं तर शेलनंच विचारायला पाहिजे."

"मग शेलला सांगा."

त्या हसल्या. त्या आठवड्यात पहिल्यांदा. "शेल कसा वागतो ते कुणीतरी लिहिलेलं असतं. ते लिखाण हातात असेल तर बदलता येतं. मशीनबरोबर शेल मिळाला, पण त्याचं लिखाण नाही मिळालं. मशीन विकणारे ते देत नाहीत." मग त्या बोट हनुवटीवर ठेवून बसल्या. नांदेडला त्यांच्या कॉलेजात एक सर होते. त्यांच्याकडे एका छोट्या शेलचं सगळं लिखाण होतं. ज्यानं लिहिला त्यानंच म्हटलं होतं, कुणालाही द्या, पाहिजे तर बदला. पण आपांना याद्या सोडून हलता येत नव्हतं. टपालाचा भरवसा नव्हता. बिरादार बाबूंना विचारलं तर म्हणाले, "मी जातो की, पन काय आनायचं त्येच मला कळंना."

"मी जाते," मी म्हणाले. मला माझाच आवाज ओळखू आला नाही.

मी तोवर एकटी कधी उदगीरलाही गेले नव्हते. आईनं फडक्यात धपाटे बांधून दिले आणि पहिल्या एसटीत बसवलं. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, खिडकीतून एकसारखी भुई, कुठे खडी फोडणाऱ्यांची रांग, त्यांनी डोळ्यांना फडकी बांधलेली. नांदेडला उतरून मी कॉलेज विचारत विचारत गेले. विचारायच्या आधी प्रत्येक वेळी मी माणसं बघून घ्यायची आणि म्हाताऱ्या बाईलाच विचारायची, म्हणून जरा वळसा पडला.

सर घाईत होते, पण चांगले होते. आपांची चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे बघितलं. "तू कोण? तिथे कामाला काय करतेस?"

"पाणी भरते."

त्यांनी चष्मा वर केला. मग कपाटातून भाकरीएवढी एक गोल टेप काढून माझ्या हातात ठेवली. "जपून ने. नसीमला म्हणावं, सगळं यात आहे."

मी ती घेतली आणि उभीच राहिले. सर दुसऱ्या कामाला लागले. पाच मिनिटांनी त्यांनी मान वर केली. "आता काय?"

मी म्हणाले, "सर, ही आमच्या मशीनमध्ये जाणार न्हाई. आमच्या मशीनचं तोंड चौकोनी आहे, एवढंसं. गोल काही जात नाही त्यात. मी रोज त्याची धूळ पुसते." मी बोटांनी माप दाखवलं.

सर माझ्या बोटांकडे बघत राहिले आणि मग एकदम मोठ्यानं हसले. "नसीम हे लिहायचं विसरली. आणि मी विचारायचं विसरलो. तू हे घेऊन लातूरला गेली असतीस तर?" त्यांच्याकडे चौकोनी टेपचं यंत्र नव्हतं. उपाय एकच, सगळं कागदावर छापायचं आणि तिकडे पुन्हा टाइप करायचं. त्यांनी प्रिंटर लावून दिला आणि मला त्याच्यापाशी बसवलं. तो खडखडत राहिला, कागदाच्या घड्या पडत राहिल्या, मी धपाटे खाल्ले. शाई फिकट व्हायला लागली तेव्हा मी जाऊन सांगितलं, तर सरांनी येऊन फीत बदलली.

निघताना त्यांनी तोंडी निरोप दिला. तुमच्या मशीनसाठी तीन ठिकाणी बदल करावे लागतील, अमुक पानावर हे, तमुक पानावर ते. मी म्हणाले, "थांबा सर, मी म्हणून दाखवते." आमच्याकडे निरोप असाच द्यायचा. आईला लिहिता येत नव्हतं. गावाकडे कुणाच्या हाती निरोप धाडायचा तर ती त्याला सोडायची नाही. "काय सांगशील? म्हन बगू," म्हणायची. नुसतं "हाव, सांगतो" म्हटलेलं तिला चालायचं नाही. गावात कुणीच चालवून घ्यायचं नाही. निरोप परत म्हणवून घेतल्याशिवाय माणूस एसटीत चढायचाच नाही. मी सरांना तिन्ही बदल परत म्हणून दाखवले. तिसरा ऐकताना त्यांचा चेहरा बदलला. "चुकलं," ते म्हणाले. "तू नाही, मी. ते पान बावीस नाही, बत्तीस." त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं, या वेळी स्वतःहून.

दिवेलागणीच्या आत मी घरी होते, मांडीवर कागदाचा गठ्ठा आणि अंगावर धुळीचा थर.

साहेबांनी मनाई केल्यामुळे मला बटणांना हात लावायचा नव्हता. म्हणून मी वाचायची आणि आपा टाइप करायच्या. अर्थ मला कळत नव्हता, नुसती अक्षरं. एकेक शब्द अक्षर सुटं करून मी म्हणायची, जशी पोरं पाढे म्हणतात तशी. लिखाणात कंसांची गर्दी होती. त्यातला एक जरा वळणदार होता, त्याला मी मिशीचा कंस म्हणायची. "मिशी उघडी. आय, एफ. साधा कंस उघडा." आपा म्हणाल्या, उघडलेली प्रत्येक मिशी बंद झालीच पाहिजे, नाही तर पुढचं सगळं वाया. म्हणून मी एक ताटली घेतली आणि शेंगदाणे. मिशी उघडली की एक दाणा ताटलीत, बंद झाली की एक बाहेर. तुकडा संपला की ताटली रिकामी पाहिजे. चौथ्या दिवशी तुकड्याच्या मधोमधच ताटली रिकामी झाली आणि अजून एक मिशी बंद करायची उरली. आम्ही दोघी तासभर कागद वरखाली करून उघडी मिशी शोधत होतो. डोळे दुखायला लागले. शेवटी दारातून बिरादार बाबू म्हणाले, "काय शोधून राहिल्याव?" आपांनी सांगितलं. ते खजील होऊन म्हणाले, "दाना व्हय? त्यो मी खाल्ला की मघाशी. मला वाटलं, परसाद हाय." आपांनी डोकं टेबलावर टेकवलं. त्या हसत होत्या की रडत होत्या मला समजलं नाही. त्यानंतर ताटली माझ्या मांडीवर असायची.

त्या शुक्रवारपासून बाराव्या दिवशी नवा शेल उभा राहिला. आठ चुका निघाल्या, त्यातल्या सहा माझ्या वाचण्याच्या. मग आपांनी त्यात आपला बदल घातला. चांदणी काढून पुसायला सांगितलं की शेल थांबून विचारणार, सगळं पुसू का, हो की नाही. हो साठी एक बटण. आम्ही एक खोटी खोली केली, तिच्यात खोट्या याद्या टाकल्या आणि बिरादार बाबूंना बसवलं. त्यांनी चांदणी काढली. शेलनं विचारलं. बाबूंनी डोळ्यांची पापणी न हलवता 'हो'चं बटण दाबलं. खोली साफ.

"बाबू, काय विचारलं त्यानं?" आपांनी विचारलं.

"काय की. इचारलं म्हंजी करायचंच आसंल. साहेबानं इचारलं की आपन न्हाई कवा म्हनलोय?"

पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी प्रश्न मोठ्यानं वाचला आणि वाचता वाचता बटण दाबलं. आपांचा चेहरा उतरला. तपासणीला तीन दिवस राहिले होते. मलाही कळत होतं, त्या दिवशी मलाही विचारलं असतं तर मी 'हो'च म्हणाले असते. मला खात्री होती ना, मी 'काल'च्या खोलीत आहे म्हणून. आम्ही सगळी हाव म्हणूनच वाढलेली माणसं. तलाठ्याला हाव, मुकादमाला हाव, मास्तरला हाव.

मी म्हणाले, "आपा, नुसतं हाव म्हणला म्हणून सोडायचं न्हाई. परत म्हणून घ्यायचं." आणि नांदेडच्या सरांचा बावीस-बत्तीसचा प्रकार सांगितला. आपा ऐकत राहिल्या. मग त्या फिरल्या आणि टाइप करायला लागल्या, मधूनच माझ्याकडे वळून विचारत, "काय म्हणवून घ्यायचं? नावं? लई असतील." आम्ही ठरवलं ते असं. शेलनं आधी खोलीचं नाव सांगायचं. मग तिथल्या सगळ्या याद्यांची नावं पडद्यावर मांडायची. मग एकच शब्द विचारायचा, किती? आकडा त्यानं सांगायचा नाही. समोर बसलेल्या माणसानं मोजायचं आणि आकडा टाकायचा. चुकला तर काही पुसलं जाणार नाही. आणि तो डॉलर एकटा कधी दिसणार नाही, त्याच्याआधी आपण कोणत्या खोलीत आहोत ते कायम लिहिलेलं राहील. बिरादार बाबूंना बसवलं. ते काचेवर बोट ठेवून मोजायला लागले आणि सातव्या नावावर थांबले. "आरं, ह्ये तर आजचं हाय!" ते ओरडले. आपांनी मुद्दामच टाकलं होतं.

तपासणीच्या दिवशी खोलीत गर्दी झाली. वरून आलेले साहेब गंभीर होते, आमचे साहेब त्यांच्यापेक्षा गंभीर. मी कूलरपाशी घागर धरून उभी. आपांनी खोट्या खोलीत करून दाखवलं. वरचे साहेब म्हणाले, "खोट्या खोलीत सगळंच चालतं. खऱ्या याद्यांवर दाखवता का?"

आपा थांबल्या. पुन्हा दहा दिवस खपून भरलेल्या त्या याद्या होत्या. त्यांचा हात बटणांच्या वर तसाच राहिला. "आणि मला हेही कळू द्या," ते म्हणाले, "की त्या दिवशी नक्की काय झालं. तुम्ही काय केलं होतं?"

आपांनी ते केलंच नव्हतं.

मी घागर खाली ठेवली. "साहेब, मी करून दाखवते. त्या दिवशी मीच केलं होतं. आपांनी आपल्या अंगावर घेतलं."

आमच्या साहेबांनी आपांकडे बघितलं, मग माझ्याकडे. कुणी बस म्हणेल याची वाट मी बघितली नाही. खुर्चीत बसले, 'आज'च्या खोलीत गेले आणि जसं त्या दिवशी केलं होतं तसंच, पुसणाऱ्याचं नाव टाइप करून पुढे चांदणी काढली. मग बटण दाबलं. मला माहीत होतं त्या शेलमध्ये काय लिहिलंय. प्रत्येक मिशी मी स्वतः म्हटली होती.

पडद्यावर नावं उतरायला लागली. उदगीर, निलंगा, औसा, अहमदपूर, सगळ्यांच्या याद्या. खाली प्रश्न आला, किती? मी 'हो'चं बटण दाबलं. शेलनं सांगितलं, काही पुसलं नाही.

"आणि बरोबर आकडा टाकला तर?" वरच्या साहेबांनी विचारलं.

"तर जाईल साहेब. मोजून सांगणाऱ्याला कोण अडवणार?"

ते हसले नाहीत, पण त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. तेवढ्यात मागून बिरादार बाबू खाकरले. "साहेब, त्या दिशी मधी मी बसलतो. मी खोली बदलली आन तसाच उठून गेलाव. पोरीला काय ठावं? मी इतके दिस बोललो न्हाई, ही माजी चूक." त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

आमचे साहेब आपांकडे वळले. म्हणाले, "म्हणजे तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"हौ सर."

"परत बोलू नका." ते घड्याळाकडे बघून माझ्याकडे वळले. मी खुर्चीतून उठायला लागले होते. "चार वाजलेत. कालच्या याद्या पुसायच्या असतात ना? रोज कोण पुसतं?"

आपांनी माझ्याकडे बघितलं.

"मी पुसायची," मी म्हणाले.

"मग उठतेस कशाला?"

मी पुन्हा बसले. 'काल'च्या खोलीत गेले, पडद्यावर खोलीचं नाव दोनदा वाचलं आणि चांदणी काढली. शेलनं नावं मांडली आणि विचारलं, किती? दोन्ही साहेब, आपा, बाबू, सगळे माझ्या मागे उभे होते. मी काचेवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली.